पाणलाव्याचा नर

बिबवेवाडी, पुणे
२० ऑक्टोबर २००२

प्रिय कल्याणी,

ई-मेल न करता पत्र पाठवतोय, कारण मेल तू ऑफिसात उघडशील आणि हे ऑफिसात वाचायचं नाही. खोलीवर जा, चहा कर, मग वाच. गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की तिकडची परदेशी थंडी सोसवत नाही, प्रोजेक्ट अर्ध्यावर सोडून डिसेंबरात परत येतेस, मॅनेजरला पुढच्या महिन्यात सांगून टाकणार. मी नुसतं 'बरं' म्हणालो. ते 'बरं' मी मागे घेतोय.

आपली पहिली भेट आठवते ना? पक्षिमंडळाची सभा, माझा आयुष्यातला पहिला स्लाइड-शो. पाणलाव्याची जोडी पडद्यावर आली आणि मी ऐटीत सांगितलं, हा रंगीत तो नर, शेजारची मळकट ती मादी. तिसऱ्या रांगेतून तू ताडकन उठलीस. उलट आहे म्हणालीस. या पक्ष्यात रंग मादीला, आणि अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं नराकडे. अध्यक्ष दिगंबरकाका माइकवरून म्हणाले, वक्त्यांनी पक्षी बघण्याआधी एखादं पुस्तकही बघावं. सगळा हॉल हसला. मी शरमेने लाल झालो, पण पुस्तक मागायच्या निमित्ताने तुझा पत्ता घेतलाच. तेव्हापासून एकच फोटो हवा होता, पिल्लांसकट नराचा. सहा वर्षांत तो कधी मिळाला नाही.

तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसामागे नव्या इमारतीसाठी खड्डा खणला होता, आठवतो? काम थांबलंय. खड्ड्यात पाणी साचलं, पाणकणीस माजलं आणि त्यात पाणलावा येऊन बसला. बाजूने कंपनीच्या बसेस भरभरून जातात, मान वळवून कोणी बघत नाही. गेल्या महिन्यापासून मी एकोणीस सकाळी तिथे काढल्या. आपल्या लेकीला, यशूला, सांभाळायला आई येरवड्याहून आपल्याकडे राहायला आलीच आहे. ती पहाटे वंदना उरकून यशूजवळ बसते, मी स्कूटर काढतो. तिथल्या रखवालदाराने, संपतने, पहिल्या दिवशी मला हटकलं, "सायेब, हितं काय बी न्हाय, नुसती डासं हायती." आता तोच माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवतो. डासांबद्दल मात्र तो खरं बोलला होता. नर एकटा चार अंड्यांवर बसून असायचा. एके दिवशी जाऊन बघतो तर नुसती टरफलं, आणि नर जवळच्या गवतात घुटमळतोय. मुंगसाने खाल्ली असतील असं वाटून मला रडूच आलं. आई म्हणाली, अंडी गेली म्हणतोस, पण बाप तिथेच आहे ना, मग उद्या परत जा. गेलो. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी गवत हललं, नर बाहेर आला आणि त्याच्यामागे कापसाच्या बोळ्यांसारखी चार पिल्लं. रोलमध्ये तीनच फोटो उरले होते. दोन हलले, एक आला. तो सोबत पाठवतोय.

आता तू म्हणशील, पक्ष्यांवरून माणसांना शहाणपण शिकवू नकोस. मान्य. पाणलाव्याची मादी पुढे दुसरा नर शोधते, तो भाग तू मनावर घेऊ नयेस हे बरं. पण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. जुलैपासून यशू मला 'आई' म्हणते. जो भरवतो, न्हाऊ घालतो, वेणी घालतो तो आई, असं तिचं साधं गणित आहे. 'बाबा म्हण' म्हटलं की खदखदून हसते आणि पुन्हा 'आई' म्हणते. तुला कळू द्यायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं, पण शेजारच्या शर्मिलावहिनींनी फोनवर तुला सांगून टाकलं. तू परत येतेस ती त्यामुळे, थंडीमुळे नाही, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण त्या हाकेने मला आतून फार आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. तुझी वाट बघून यशू झुरत नाहीये, कल्याणी. ती जेवते, झोपते, माझ्या चष्म्याची काडी मोडते. तुझ्या फोटोला ती 'कय्यानी' म्हणते, कारण घरात सगळे तेच म्हणतात. तुला हे वाचून दुखेल. दुखलं तरी अठरा महिने पुरे कर. तू या कामासाठी किती वर्षं झटलीस ते मी पाहिलंय, आणि ते माझ्या नावाने अर्ध्यावर सोडलेलं मला चालणार नाही. जूनमध्ये ये, विमानतळावर आम्ही दोघं असू. 'आई' हा शब्द तुझाच आहे. तोवर मी तो नीट सांभाळतो, आणि आलीस की पहिल्या दिवसापासून तिला शिकवू, लागतील तितके दिवस. फोटोच्या मागे पक्ष्याचं नाव लिहिलंय. या वेळी नर-मादी चुकलेलं नाही, तरी एकदा तपासून घे.

तुझाच,
अभय