सातवं गाणं

सोमवार, ७ फेब्रुवारी

झाला! आमच्या ‘स्पेअर बटन्स’ या पंक बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला. बारा गाणी, एकोणतीस मिनिटं, सहा दिवसांत. शेवटच्या गाण्यात शॅझची ड्रमची काठी मोडली, ती अर्धीनंच बडवत राहिली. मी इतकी किंचाळलेय की आज बेकरीत गिऱ्हाइकांशी दिवसभर खुणांनी बोलले. एका आजोबांनी दया येऊन मलाच टॉफी दिली.

बुधवार, ९

कर्टिस बास कमी वाजवतो, मुकादमी जास्त. त्याचं फर्मान — प्रत्येक रेकॉर्डमध्ये गाण्यांचा कागद. माझ्या हस्ताक्षरात, झेरॉक्स काढून, हातानं घडी घालून. “घडी छापखान्यानं घातली की पंक संपलं,” म्हणे. हजार कागद! मी पण येडी, उत्साहाच्या भरात बाराच्या बारा लिहून दिली.

सातवंसुद्धा.

सातवं आईवर आहे. ‘तीस वर्षं त्याचे शर्ट कडक केलेस, त्यानं मान वर करून पाहिलं का गं?’ आणि पुढे मॉरीन, मॉरीन, मॉरीन — तिचं खरं नाव, अठरा वेळा. लिहिताना जाम मजा आली होती. आता आईच्या कानावर गेलं तर मी मेलेच. पण ती कशाला ऐकतेय? आमचं गाणं म्हणजे तिला धुण्याच्या मशीनमध्ये चमचा राहिल्यासारखं वाटतं.

शनिवार, १२

रेडिओवर वाजलो!! मी, माझा आवाज, बेकरीच्या रेडिओवर! मी रिकाम्या खोक्यावर चढून नाचले. मालकीण म्हणाली, “चढलीस तशी उतर. ओव्हनमध्ये पाव आहेत, गाणं गेलं हवेत.”

पण निवेदक म्हणाला, पुढच्या आठवड्यात सातवं लावीन. कर्टिसला म्हटलं, फोन करून चौथं लावायला सांग.

“अगं, सगळ्यात भारी तेच आहे. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून काय गुळमुळीत गायचं?”

त्याला काय जातंय. त्याची आई स्पेनला राहते.

मंगळवार, १५

दोनशे घड्या झाल्या. बोटांचे सॉसेज झालेत. आठशे बाकी, आणि शनिवारी अल्बम बाहेर!

गुरुवार, १७

कर्टिसचा गळा आवळते. मला मदत म्हणून हा शहाणा उरलेले आठशे कागद परस्पर माझ्या आईकडे टाकून आला. “काकू, तुमचं टेबल मोठं आणि हात चलाख.” हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तर याला आवडतंच.

धावत गेले. उशीर झाला होता. आई आणि शेजारच्या ब्रेंडामावशी टेबलाशी चहा पीत बसलेल्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे रबर लावून तयार. आणि घडी घातल्यावर नेमकं सातवंच वर येतं! बाबा पलीकडे फुटबॉल बघत होते.

“अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय,” आई म्हणाली. बास. एवढंच. ब्रेंडामावशी माझ्याकडे बघेचनात. आईनं वाचलं की नाही? विचारायची छाती झाली नाही. गठ्ठे उचलून पळाले.

शनिवार, १९

आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस!

रेकॉर्डच्या दुकानात, भर दुपारी, रॅकच्या मध्ये उभं राहून वाजवलं. मावतात तीस, आले नव्वद. खिडकीबाहेर लोक पॅटिस खात डोलत होते. सातवं गाळायचं माझं पक्कं ठरलं होतं. पण शॅझनं ताल धरला आणि रेडिओवर सातवं ऐकलेलं अख्खं दुकान “मॉरीन! मॉरीन!” करायला लागलं. काय करणार? गायले. बेंबीच्या देठापासून गायले. मागे कोण ओरडतंय बघितलं तर ब्रेंडामावशी! एकसष्ट वर्षांची बाई, दोन्ही हात वर!

आई नव्हती. सुटले बाई. मला झोप कसली येतेय आज.

रविवार, २०

सकाळी दारात आई. हातात बॅग.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “गप बस. आठशे वेळा हाताखालून गेलं, तेव्हा कुठं मला दिसलं. सोडलं मी त्याला. तुझ्याकडं जागा आहे ना गं?”

सोफ्यावरची गिटार काढून खाली ठेवली.