घडीतले पडदे

रविवार, सायंकाळ. सोनिवली.

उपेक्षित समाजांतील नवोदित लेखकांच्या विभागीय पुरस्कारासाठी मी कथा पाठवली होती. आज संयोजकांचा दूरध्वनी आला. आरंभी ‘नमस्कार’ म्हणाले. माझे आडनाव ऐकताच ‘जय भीम, सर’. तो जय भीम जरा अधिकच गोड होता. की मलाच तसे वाटले?

“कथा छान आहे सर, पण तुमच्या समाजाचं दुःख दिसत नाही. वस्ती, अन्याय, चार ओळी घाला ना.”

कथेत माझी पत्नी सुनंदा या नव्या घरासाठी उल्हासनगरात पडदे घेते, सिंधी दुकानदाराशी त्याच्याच भाषेत घासाघीस करून. ताबा मिळण्यापूर्वीच ती गेली. पडदे अजून घडीतच होते.

मुलगी म्हणाली, “पप्पा, तुम्हाला दूधवाल्याचाही संशय येतो. घाला की चार ओळी.”

पण तो गोड जय भीम... त्यांना कथा हवी आहे की आडनाव?

अखेर स्टुलावर चढून पडदे लावले. वीतभर आखूड पडले. सुनंदाने माप हेंद्रेपाड्याच्या भाड्याच्या खोलीतील खिडकीचे घेतले होते. तिला तेवढीच खिडकी ठाऊक होती.

एवढेच कथेत वाढवून पाठवतो. संयोजकांना ते पुरेल, असे वाटत नाही.