कॉम्प्युटरनं काढलेला माझा आकडा

प्रिय व्हर्ना मावशी,

तुझ्या रेनाचा नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल, काका जरा कमी ओरडत असतील, कोंबड्या अंडी देत असतील, असं धरून चालते. आम्ही मजेत. (छातीतली गाठ सोडली तर.) फोनच करणार होते, पण तू मध्ये मध्ये बोलतेस आणि मला रडू येतं, म्हणून पत्र.

मंगळवारी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. आधी मला त्या नळकांड्यात सरकवून आतले फोटो काढले. हलायचं नाही म्हणे. लगेच नाकाला खाज सुटली, ती चाळीस मिनिटं! मग गाठीचा तुकडा काढला, त्यातलं आनुवंशिक का काय ते वाचायला. मग एका गोड बाईनं घराण्यात कोण कशानं गेलं ते विचारलं. आजोबा? ट्रॅक्टर उलटून. थोरला मामा? पैजेवर नदी पोहताना. बाई म्हणाल्या, "कॅन्सरनं कुणी?" म्हटलं, "तेवढी वर्षं जगायची आमच्याकडे पद्धत नाही." (मग आईचं सांगितलं.)

आता हे फोटो आणि ते आनुवंशिक एकत्र कालवून कॉम्प्युटर सांगणार, की पाच वर्षांनी मी असण्याची आशा शंभरात किती. हजारो बायकांवरून शिकलाय म्हणे. हुशारच असणार! हवामानवालाही हुशारच होता, माझ्या लग्नाला कडक ऊन सांगितलं आणि मांडव ओढ्यात गेला. डस्टिननं डॉक्टरांना विचारलं, "ही किती हट्टी आहे, ते घातलंत का त्यात?" डॉक्टर म्हणाले, "ते मोजता येत नाही हो." "मग मोजलंत काय? माझ्याशी लग्न करून सहा वर्षं टिकलीय ती!" सगळे हसले. मी बोटं मोजत होते. पाच वर्षांनी आमची मार्ली सात वर्षांची, पुढचे दात पडलेली.

आकडा आला की ऐकायचाय का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "नको, मला घरी कामं आहेत." घरी आल्यावर टॉवेलात तोंड खुपसून असा आवाज काढला, की डस्टिनला वाटलं वॉशिंग मशीन बिघडलं.

तुझी,
रेना

ता.क. आकडा पुढच्या गुरुवारी सकाळी येणार. कुणाला कळवायचं, तिथे फॉर्मवर मी तुझं नाव लिहिलंय. (डस्टिनचं लिहिलं तर तो ट्रकमध्ये जाऊन बसेल, बाहेर यायचा नाही.) मला अजिबात सांगू नकोस.

आणखी एक. तुझ्या पोटात काही राहत नाही. मार्लीच्या वेळी मला दिवस गेलेत हे डस्टिनच्या आधी अख्ख्या चर्चला कळलं होतं. म्हणूनच तुझं नाव लिहिलं. गुरुवारी दुपारी मार्लीला घेऊन येते. बोलू नकोस, नुसती दारात उभी राहा. मी तुझं तोंड बघेन.

आणि मावशी, तोंड कसंही असलं तरी दार उघड.