निवांत बसलेली आई

दादा,

घरातली पहिली पदवी मी मातीत घातली, असं तू म्हणतोस. इथे या वसाहतीत कलाकारांना स्वस्तात खोल्या मिळतात. अट एवढीच, की रविवारी दार उघडं ठेवून अर्धवट काम शेजाऱ्यांना दाखवायचं. मी खुर्चीत निवांत बसलेल्या आईचा मातीचा पुतळा करतेय. समोरची विणकर मावशी म्हणाली, "अगं, ही बसलीय कुठे? दूध उतू जातंय म्हणून उठायला निघालीय!" सगळे हसले, मीही. मग लक्षात आलं, आईला निवांत बसलेली मी पाहिलेलीच नाही. तू पाहिलीस?

'तिला चार दिवस इथे नुसती बसायला पाठव,' असं लिहिणार होते. पण तू म्हणशील, "मग घरचं कोण बघणार?" म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्या हातातच देईन. शनिवारी मीच तिला न्यायला येते.

घरचं तू बघ.

तुझी,
धाकटी