धुराच्या नळीवरचा मोजा

६ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा! नोव्हा वारोश गावाच्या वर, डोंगरातल्या घरी, कमरेएवढ्या बर्फातून. बर्फाने विजेच्या तारा तोडल्यात, त्यामुळे रादिसावआजोबांचं प्राणवायूचं यंत्र पेट्रोलच्या जनरेटरवर चाललंय. तो भयंकर तापतो म्हणून मला बोलावलंय. त्यांच्या बायकोने, देसांकाआजीने, दारातच राकियाचा, म्हणजे प्लमच्या कडक दारूचा पेला हातात ठेवला, वर मक्याची भाकरी आणि खारट साय. जनरेटर स्वयंपाकघरामागच्या कोठीत, धुराची नळी भिंतीतून बाहेर. बाहेर ठेवला तर बर्फात बुजेल म्हणे. नळी लालबुंद! प्लग पांढराफटक, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटरचं फाटकं गॅस्केट बदललं आणि नळी निवली. आजी खूश, माझी स्वारी हवेत.

७ फेब्रुवारी
नळी पुन्हा लाल. आज प्लग काजळलेला, म्हणजे हे दुखणं वेगळं. धूर बाहेरच पडत नाहीये. सायलेन्सर उघडला तर स्वच्छ. डोकं ठणकतंय. बाहेर जाऊन बघतो तर काय, नळीच्या बर्फात गार पडलेल्या तोंडावर लोकरी मोजा, तारेने आवळलेला! आजीला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली: एवढा मेकॅनिक झालास, अक्कल कुठे गहाण टाकलीस? त्या भोकातून वारा येतो, वारा लागूनच माझा भाऊ गेला. हात जोडून सांगितलं, धूर घरात साठला तर सगळेच मरू. बरं बाबा, म्हणाली. मोजा काढून टाकला.

८ फेब्रुवारी
पुन्हा मोजा. नवा. काढला की ती दुसरा लावते. मला भीती वाटते, या मायाळू बाईची. आजोबा गाढ झोपलेत, गालांवर लाली आलीय, असं ती त्यांच्या खोलीतून येऊन आनंदाने सांगते. ती लाली विषारी धुराची असते, हे सांगता सांगता मला उलटी झाली. रस्ता बंद. इंजिन बंद करावं तर आजोबांचा श्वास थांबेल. चालू ठेवावं तर आम्ही तिघंही— खिडकी उघडली. तिने लावली. वारा बाधेल रे पोरा, म्हणाली.

९ फेब्रुवारी
मोजा काढायला निघालो. पाय उचलत नाहीत. भिंत धरून आजोबांच्या खोलीत. गाल लाल. हात थंडगार. नाकातली प्राणवायूची नळी— नाही. आजी म्हणाली, तिच्यातूनही वारा सुटायचा, थेट नाकात. परवाच काढली. तेव्हापासून बघ, कसे शांत झोपलेत.
परवा! मग मी इंजिन कोणासाठी—
बंद करायला हवं. सरपटत कोठीकडे—
ती आली. पांघरूण घालतेय. घराच्या बाहेरच्या दाराखालच्या फटीत चादर खोचतेय— नको आजी, दार—