खिशातली तार

लुगो, १९ नोव्हेंबर २००९

प्रिय दुइलिओ,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं असेल. पत्ता एदमेआनं लिहिलाय, आतलं सगळं माझं, नेरिओचं. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी पाकीट झटकून बघ. आत एक वस्तू आहे.

तू बरा असशील. तिकडे स्वित्झर्लंडात, विंटरटूरला, एव्हाना बर्फ पडायला लागला असेल. आमच्याकडे धुकं. आठवडा झाला, रस्त्यापलीकडचं चर्च दिसलेलं नाही, घंटा तेवढी ऐकू येते. माझा एक गुडघा गेला, पुढचे दात गेले, जीभ मात्र शाबूत आहे. आपला बार बंद झाला, तिथे चष्म्याचं दुकान आलंय. त्या अपघातानंतर ज्या टेबलावर तुझ्याबरोबर पत्ते खेळायला कोणी बसेना, तिथे आता एक पोरगी लोकांचे डोळे तपासते.

नमनालाच घडाभर तेल झालं. बातमी अशी की लॉरिसची ती शर्यतीची मोटारसायकल मी पुन्हा उभी केली.

त्याच्या आईनं ती एकोणचाळीस वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात पोत्यांखाली ठेवली होती, कोणाला बोट लावू दिलं नाही. म्हातारी शहाण्णवची होऊन गेली आणि गाडी एदमेआकडे आली. त्या कारखान्यानं अशा अकराच बनवल्या होत्या, हे तुला सांगायला नको. दोन हिवाळे लागले मला. सांगाडा सरळच होता. टाकी हातानं ठोकली, तोच लाल रंग मिळवला, इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. झाली तेव्हा इतकी देखणी दिसायला लागली की मलाच तिच्याकडे पाठ करून बसवेना.

एदमेआ म्हणाली, "विकून टाक. माझ्या भावाला मारणारी वस्तू माझ्याच घरात चकाकत बसलेली मला नको." मी मासिकात जाहिरात दिली.

आता पुढचं. हसू नकोस.

जाहिरात दिली त्या दिवशी इंजिनाखालच्या तेलाच्या बोल्टला तार मारली. गिऱ्हाइकांना हे समजावावं लागतं, की थरथरीनं बोल्ट फिरून गळून पडू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पीळ द्यायचा आणि बांधून टाकायची. तुझा पीळ डावखुरा, उलट्या बाजूचा. 'दुइलिओची वेणी' म्हणायचे सगळे, लांबून ओळखू यायची. माझा पीळ इतर दहाजणांसारखा.

तार मारली, वर जाऊन जेवलो, खाली आलो. बोल्ट उघडा. बाकी सगळ्या बोल्टांच्या तारा जागच्या जागी. पक्कड शोधायला अंगातल्या डगल्याचे खिसे चाचपले तर छातीच्या खिशात तार. माझीच, नवी, तिरकी कापलेली.

वय झालं, म्हटलं. पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी जेवून आलो तर तेच.

"तू खाली गेली होतीस का?" मी एदमेआला विचारलं.

"मी? तुझ्या त्या तेलकट बिळात? आधी माझे गुडघे बघ."

तिसऱ्या वेळी शेडला कुलूप घालून किल्ली गळ्यात अडकवली. जेवणभर हात टेबलावर ठेवून बसलो, एदमेआ म्हणे शाळेत बसलायस का. सूप संपलं आणि छातीला टोचलं. आणि वास, दुइलिओ. मी साधं तेल भरलंय, तरी शेडमध्ये जळक्या एरंडेलाचा वास येतो, शर्यतीच्या सकाळी, इंजिनात एरंडेल घालायचो तेव्हा यायचा तसा. आम्हा दोघांखेरीज तो कोणाला येत नाही. एदमेआलाही येतो म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही, एवढंच समाधान.

परवा वेरोनाहून एक दातांचा डॉक्टर आला. चांगला माणूस, हातमोजे घरून घेऊन आलेला. त्या सकाळी मी बोल्टला दुहेरी तार मारली होती, एदमेआनं बॅटरी धरली होती, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "काका, एकदा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो. मग व्यवहार पक्का."

ती ढकलूनच सुरू होते. तो बसला, मी मागून बैठकीला छाती लावली, तेव्हा लॉरिसला ढकलायचो तशी. चार पावलं गेलो. इंजिन खोकलं, धडधडायला लागलं, आणि माझ्या छातीत काहीतरी घुसलं.

मी ओरडलो, "उतर! आधी उतर खाली!" आणि बैठक धरून लोंबकळलो. गुडघा तेव्हाच गेला.

त्यानं इंजिन बंद केलं, वाकून खाली पाहिलं. बोल्ट उघडा होता आणि अर्धा फिरलेलाही. "मला मारायचा विचार होता का काका?" असं हसत म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी खिशात हात घातला. आतली तार नवी नव्हती. काळी पडलेली, उलट्या पिळाची होती.

तुझी वेणी.

ती माझ्याकडे कशी, हे मी एकेचाळीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. ती कानशींच्या पत्र्याच्या डबीत ठेवली होती, फेकायला हात धजला नाही म्हणून. डबी उघडून पाहिली. तिच्यात माझी सकाळची दुहेरी तार पडली होती, चकचकीत.

आता लिहितोच. अडुसष्टच्या एप्रिलमधली ती सकाळ. तू आमच्यासाठी कॉफी आणायला गेला होतास. लॉरिस म्हणाला, थंडी आहे, तेल जरा पातळ घाल. मी तुझी तार कापली, छातीच्या खिशात टाकली, तेल बदललं, बोल्ट आवळला. नवी तार हातात घेतली होती. तेवढ्यात तुझी एदमेआ तव्यावर भाजलेल्या गरम पियादीना घेऊन आली. तुझीच होती ती, जूनमध्ये तुमचं लग्न होतं. ती काहीतरी म्हणाली, मी हसलो, तिला आणखी हसवलं. मला ती आवडायची, दुइलिओ. तुला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मग कर्ण्यावरून गाड्या बोलावल्या, आणि मी गाडी ढकलत नेली.

चौथ्या फेरीत, झाडांच्या वळणावर, मागच्या चाकाखाली तेल होतं.

बोल्ट सापडला नाही. सगळे म्हणाले दुइलिओनं तार मारली नाही, आणि तू बारच्या दारात मला धरून विचारलंस, "नेरिओ, तू तरी सांग. मी पिळली होती ना?" मी म्हणालो, "मला आठवत नाही." तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं होतं तेव्हा. त्या क्षणापासून तुलाच तुझा भरवसा वाटेनासा झाला. तू गेलास. तीन वर्षांनी मी एदमेआशी लग्न केलं. तुझं लॉरिससाठीचं रडणं, तुझं लग्न, तुझं गाव, सगळं मी नुसतं मूग गिळून बसून हिरावून घेतलं. मी हलकट माणूस आहे. हे लिहायला हवं होतं, लिहिलं.

डॉक्टर गेल्यावर एदमेआला सांगितलं. ती घेवडा सोलत होती. सोलायची थांबली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मी तेव्हा तुला काय म्हणाले होते?"

मी म्हणालो, "तुझ्या नाकाला तेल लागलंय, असं म्हणालीस."

तिनं पुढची शेंग उचलली. मग म्हणाली, "मला आठवत नाही."

घेवडा संपवून ती आत गेली आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून तुझा पत्ता घेऊन आली. इतकी वर्षं तो तिच्याकडे होता. कालपासून ती आईच्या रिकाम्या घरी, लॉरिसच्या खोलीत झोपते. लॉरिसच्या कबरीवर मी तिच्यासोबत जायचं नाही, असं तिनं बजावलंय. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पायऱ्यांवर हे सगळं मी मोठ्यानं सांगणार आहे. ऐकायला आता फार जुने लोक उरलेले नाहीत, तरी सांगणार.

गाडी विकायची नाही. तेल काढून टाकलंय. बोल्ट उघडाच ठेवलाय, मी आता त्याला हात लावणार नाही. काल आणि आज छातीचा खिसा दहा वेळा चाचपून पाहिला, काही नव्हतं. पण एरंडेलाचा वास गेलेला नाही, उलट वाढलाय. मी हे लिहितोय ते टेबल वरच्या मजल्यावर आहे, खिडकी बंद आहे, तरी येतोय.

पाकिटातली तार तुझी आहे. उजेडात धरून पीळ बघ, मग टोक बघ. ते तुटलेलं नाही, झिजलेलंही नाही. कापलेलं आहे. तू पिळली होतीस, दुइलिओ. नीट, घट्ट पिळली होतीस.

आलास तर तुझी पक्कड घेऊन ये. नाही आलास तरी मी समजेन.

आठवत असूनही 'आठवत नाही' म्हणणारा,
नेरिओ