बाबांनी रोवलेले हर्डल

रविवार, संध्याकाळ. डोळखांब, घरी.

परवा पुन्हा परदेशी शर्यतीला निघायचं, आणि डोक्यात कोचचं एकच वाक्य: हर्डलवरून तू चार बोटं जास्त उडतेस. कशी नाही उडणार? लहानपणी सरावासाठी बाबांनी घरामागच्या माळावर बांबूचे हर्डल रोवले, तेही कुंपणासारखे घट्ट. पाय लागला की नडगी फुटायची. अजून डोळे मिटले की झगमगत्या स्टेडियममध्ये तेच बांबू उभे दिसतात आणि मी त्यांच्यावरून तरंगत असते. चार बोटं वर.

आज बाबांना सहज बोलून गेले, खरे हर्डल धक्का लागला की पडतात. कशाला सांगितलं मी?

"आधी नाय का सांगायचं गो?" एवढंच म्हणाले.

आत्ता खिडकीतून दिसतंय. माळावर एकच हर्डल उरलाय, आणि बाबा पहारीनं त्याच्या बुडाची माती सैल करतायत.